कोन व्हय गा? : गावराखणीचा इतिहास, बिरसीच्या निमित्ताने

स्मरणिकेतला संस्थेचा इतिहास म्हटला की पहिल्या ओळीत स्थापनेची तारीख, दुसरीत नोंदणी क्रमांक आणि शेजारी संस्थापक अध्यक्षांचा हार घातलेला फोटो यायला हवा. संपादक मंडळाने ज्या संस्थेचा इतिहास माझ्याकडे मागितला आहे तिच्यापाशी यातले काहीच नाही. गावराखण ही ती संस्था. तिची घटना कुणी लिहिली नाही, तिची वार्षिक सभा भरत नाही, तिचे हिशेब कुणी तपासत नाही. आणि तरी आमच्या गोंदियाकडच्या बिरसीत शाळा नव्हती, सोसायटी नव्हती, विमानतळ तर नव्हताच नव्हता, तेव्हाही ती होती. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिच्यात मोबाइलवाले शिरले, सॉफ्टवेअरवाले शिरले, आता कृत्रिम बुद्धिमत्ता शिरते आहे. म्हणून एकदा तिचे मागचे-पुढचे लिहून ठेवावे असे मंडळाला वाटले. मलाही वाटले, पण माझे कारण वेगळे आहे. ते ओघात येईल.

धानाच्या मुलखात राखण म्हणजे काय हे समजायला पुंजण्याजवळ एक रात्र काढावी लागते. परगावच्या वाचकांसाठी सांगतो : कापलेल्या धानाच्या पेंढ्या बांधून त्यांचा जो ढीग रचतात ते पुंजणे. मळणीयंत्राची पाळी येईपर्यंत ते तिथेच, उघड्यावर. घरातले लग्न, सोसायटीचे कर्ज, पोराची फी, सगळे त्या ढिगात. चोराला धान न्यायचे तर झोडपावे लागते, पोती भरावी लागतात, गाडी आणावी लागते. वैऱ्याला एक काडी पुरते. गोंदिया-भंडाऱ्याच्या वर्तमानपत्रांत हंगामात 'पुंजण्याला आग' ही बातमी येते, आणि बातमीच्या शेवटी 'अज्ञात इसमाने' असे असले तरी गावात तो इसम पुष्कळदा अज्ञात नसतो. आमच्याकडची राखण परक्या दरोडेखोरापेक्षा ओळखीच्या माणसाविरुद्धच जास्त करावी लागते. स्मरणिकेत हे लिहू नये असे एक-दोघांनी सुचवले होते. पण याशिवाय पुढचे काही कळणार नाही.

लहानपणी बाबांसोबत मी अशा राखणीला जात असे. तणसाची खोप, पुढ्यात आगटी, पाठीला थंडी. बांधावरून कुणी येताना दिसले तरी बाबा आधी टॉर्च लावत नसत. आधी हाक देत : 'कोन व्हय गा?' अंधारातून उत्तर येई, 'मी व्हय, अमक्याचा.' मग त्याला आगटीजवळ जागा आणि बिडी. मी एकदा विचारले, आधी उजेड का नाही पाडत? बाबा म्हणाले, घोंगडे पांघरले की सगळे सारखेच दिसतात. आवाजाला घोंगडे पांघरता येत नाही. पुढे नोकरीच्या निमित्ताने सुरक्षेवरची चार भाषणे ऐकली, त्यांत याहून शहाणे काही ऐकल्याचे आठवत नाही.

आता कागदावरचा इतिहास. इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी : मराठी पुस्तकांतला पाटील-कुळकर्ण्यांचा गावगाडा आमच्या गावांना जसाच्या तसा लागू पडत नाही. १८६१ साली मध्य प्रांत झाला आणि आमचा तेव्हाचा भंडारा जिल्हा त्यात गेला. गावाचा मालक मालगुजार. शेजारी कामठ्याची मोठी जमीनदारी. १८१८ मध्ये तिथल्या चिमना पटेलाने बंड केले आणि इंग्रजी फौजेला कामठ्याचा किल्ला लढून घ्यावा लागला. राखणीचे काम मात्र ना जमीनदार करी ना मालगुजार. ते करी कोटवार. रात्रीची गस्त, परका माणूस गावात उतरला तर ठाण्याला वर्दी, जन्म-मृत्यूची खबर आणि डोंडी, म्हणजे दवंडी. बाघ नदीपलीकडे बालाघाटात त्याला आजही कोटवारच म्हणतात. आमच्याकडे १९५६ साली राज्ये बदलली आणि त्याचा कोतवाल झाला. माणूस तोच, हातातली काठी तीच.

हा कोटवार बहुधा महार किंवा पनका समाजातला असे. ज्याच्या भरवशावर गाव रात्री झोपे, त्याला दिवसा गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नसे. गावराखणीचा इतिहास लिहिताना आपण काठी, कंदील, डोंडीचे कौतुक करतो आणि हे एक वाक्य गाळतो. तिकडे मुंबई इलाख्यात महार वतन म्हणजे राबवून घेण्याचा परवाना झाला होता, त्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. ती वतने कायद्याने जायला १९५८ पर्यंत थांबावे लागले. आमच्या प्रांतातली रचना वेगळी होती, पण गाव ज्याच्याकडून पहारा घेई त्याला काय परत देई, हा प्रश्न तोच होता. अलीकडे शासनाने कोतवालाचे नाव 'महसूल सेवक' केले. नाव बदलले त्याचा आनंद आहे. पण ज्यांच्या आजोबांनी डोंडी पिटली त्या घरांतला एकही फोटो या स्मरणिकेसाठी आमच्याकडे आला नाही, आणि आम्हीही तो मागायला गेलो नव्हतो. शेवटच्या आठवड्यात गेलो. फोटो काढलाच नव्हता कुणी कधी.

देशावर आणखी एक रीत होती. चोरी झाली की रामोशी किंवा जागल्या पावलांचा माग काढत निघे. माग शिवेवर पोचला की पुढच्या गावाच्या जागल्याच्या हवाली करायचा. ज्या गावाच्या हद्दीत माग हरवला त्या गावाने नुकसान भरून द्यायचे. इंग्रज अधिकारी हे पाहून चकित झाले म्हणतात, पण त्यांनी होऊ नये. १२८५ सालच्या विंचेस्टरच्या कायद्यात त्यांच्या राजाने जवळजवळ हेच लिहिले होते. ओरडा झाला की सगळ्यांनी धावायचे, आणि चोर सापडला नाही तर साऱ्या परगण्याने भरपाई द्यायची. सातशे वर्षांपूर्वीचे इंग्लंड आणि आपली शिव दोन्हीकडे हिशेब एकच : शेजाऱ्याच्या चोरीत तुझाही वाटा आहे.

१९५१ च्या ३१ मार्चला मालगुजारी गेली. १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. पोलीस पाटील हा शब्द आमच्याकडे रुळला तो खऱ्या अर्थाने महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानंतर. हा कायदा १९६७ चा, अंमल १ जानेवारी १९६८ पासून. त्यात वंशपरंपरा नाही. नेमणूक आहे, मुदत आहे, कामांची यादी आहे. मानधन मात्र कित्येक वर्षे असे होते की पोलीस पाटलाच्या खिशातून ठाण्यापर्यंतचे पेट्रोलही निघत नसे. २०२४ मध्ये ते साडेसहा हजारांवरून पंधरा हजार करण्याचा निर्णय झाला. पोलीस पाटील हा गावात राहणारा पोलिसांचा माणूस की पोलिसांकडे जाणारा गावाचा माणूस, हे त्या कायद्यात लिहिलेले नाही आणि बरे झाले. ज्यांना दोन्ही जमले तेच लोकांच्या लक्षात राहिले.

याच्या जोडीला ग्रामसुरक्षा दल. त्याची मुळे मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये, कलम ६३ ब मध्ये आहेत : गावातल्या माणसांच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी पोलीस अधीक्षकाने स्वेच्छेने काम करणाऱ्यांचे दल उभारावे. कागदावर ही दले महाराष्ट्रभर आहेत. प्रत्यक्षात ती पावसाळी नाल्यासारखी असतात. गावात दोन-तीन घरफोड्या झाल्या की दल जागे होते, शिट्ट्या येतात, टॉर्च येतात, तरुण पोरे आळीपाळीने फिरतात, चहा होतो; महिनाभर काही घडले नाही की पहिल्यांदा चहा बंद होतो, मग दल. मी हे टीका म्हणून लिहीत नाही. मीही दोनदा त्या दलात होतो आणि दोन्ही वेळा चहानंतर पंधरा दिवसांत घरी झोपू लागलो.

मध्ये तंटामुक्ती आली. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम, गृहमंत्री आर. आर. पाटील यांची. गुणांकन, पुरस्कार, चौकात फलक. चोर पकडणे हे तिचे काम नव्हते, पण आमच्या मुलखातल्या पुंजण्याच्या आगी ज्या बांधाच्या भांडणातून लागतात त्यांवर औषध असेल तर ते हेच होते. पुरस्काराच्या ओढीने काही भांडणे खरोखर मिटली. काही नुसती वहीत मिटली. पुढे २०१६ च्या दुरुस्तीने दारूबंदी कायद्यात ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली. मोहफुलाच्या दारूच्या भट्ट्या कुठे लागतात हे गावातल्या बायकांना आधीपासूनच ठाऊक होते. कायद्याने त्यांना फक्त कागद दिला.

बिरसीबद्दल बाहेर कुणाला माहीत असते ते विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या सुमाराला इंग्रजांनी इथे धावपट्टी केली. कित्येक वर्षे तिच्यावर गवत वाढले. मग विमानतळ प्राधिकरण आले, वैमानिकांची प्रशिक्षण संस्था आली. दिवसभर शिकाऊ विमाने धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालतात आणि रोवणी करणाऱ्या बायका मान वर करायच्याही थांबल्या. मार्च २०२२ मध्ये प्रवासी विमान सुरू झाले, डिसेंबर २०२३ मध्ये एका मोठ्या विमान कंपनीची हैदराबादची सेवा. जमिनी गेल्या, पुनर्वसनाचे प्रश्न कित्येक वर्षे चालले. तो वेगळा लेख आहे. इथे सांगायचे ते एवढेच : कुंपणाच्या आत बॅगेतली कात्री शोधणारे यंत्र आहे, कॅमेरे आहेत, मनोरा आहे. कुंपणाच्या बाहेर कामठा, परसवाडा, झिलमिलीकडे जाणाऱ्या वाटांवर अंधार पडला की शेतातल्या मोटारपंपाच्या वायरी जातात, आणि फिर्याद द्यायला रावणवाडीचे ठाणे गाठावे लागते. एकाच गावात सुरक्षेची दोन शतके शेजारी-शेजारी नांदतात.

मोबाइल आला तेव्हा आम्हाला वाटले की हाकेचा प्रश्न सुटला. खोपेत बसलेल्या म्हाताऱ्यालाही घरी बोलता येऊ लागले. मग व्हॉट्सॲप आले, गावाचा गट झाला, आणि माझे जे वेगळे कारण आहे ते इथे आहे.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले राईनपाडा. रविवार, आठवडी बाजार. मुले पळवणारी टोळी आली आहे असे संदेश त्या भागातल्या मोबाइलवर फिरत होते. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बसमधून उतरले. मंगळवेढ्याकडची ती माणसे. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेच्या रात्री मारले गेले. दोन्ही ठिकाणची माणसे स्वतःला गुन्हेगार समजत नव्हती. ती राखण करत होती. त्यांच्या लेखी ते ग्रामसुरक्षा दलच होते.

मी हे वाचले तेव्हा मला बाबांचा प्रश्न आठवला. 'कोन व्हय गा?' हा प्रश्न समोरून येणाऱ्या परक्याला विचारायचा असतो हे खरे. पण जो ओरडत येतो, 'चोर आले, चोर आले,' त्यालाही तो विचारायचा असतो. कोतवालाची डोंडी ऐकली की गावाला माहीत असे की हा कोण आहे, याला कुणी पाठवले आणि उद्या सकाळी हा कुठे सापडेल. पुढे ढकललेल्या संदेशाला बापाचे नाव नाही, टोलीचे, म्हणजे वस्तीचे, नाव नाही. तो कुणी लिहिला हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसते. हाकेतला माणूस गळून पडला आणि हाक तेवढी राहिली. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीने चूक मान्य केली असे मी म्हणणार नाही, पण हाकेला लगाम लागतो हे तिने मान्य केले.

आता ज्या प्रयोगाविषयी मला सविस्तर लिहायचे आहे तो. तो गोंदियातला नाही. नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), पुणे, सातारा या जिल्ह्यांतला आहे. नाव ग्रामसुरक्षा यंत्रणा, संचालक डी. के. गोर्डे. पोलीस आणि ग्रामपंचायती यांच्या सोबतीने चालणारी ही फोनवरची व्यवस्था आहे. कल्पना ऐकायला अगदी साधी. गावकऱ्यांचे मोबाइल क्रमांक आधी नोंदवून घेतात. सगळ्यांसाठी एकच टोल फ्री क्रमांक. घरात चोर शिरला, आग लागली, मूल हरवले, बिबट्या आला, कुणाला साप चावला, तर त्या क्रमांकावर फोन करायचा आणि बोलायचे : मी अमुक, अमुक गावातून, अमुक ठिकाणी अमुक घडते आहे. जो बोलेल त्याचाच आवाज परिसरातल्या नोंदलेल्या फोनांवर एकाच वेळी जातो. कुणाचा फोन व्यस्त असेल तर यंत्रणा पुन्हा लावते. गाडी चोरीला गेल्यासारखी घटना असेल तर आवाज आजूबाजूच्या गावांतही पोचतो, कारण चोर आपल्या गावात थांबत नाही. ज्याने झोपेत अर्धवट ऐकले त्याला तोच क्रमांक फिरवून संदेश पुन्हा ऐकता येतो. खोडी काढणाऱ्याचा क्रमांक काळ्या यादीत जातो. साधा बटणाचा फोनही चालतो. इंटरनेट लागत नाही, वाचता यावे लागत नाही.

माझा भाचा जुन्नर तालुक्यात शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी आणि त्याची मामी तिथे चार दिवस राहिलो. एका रात्री अकराच्या पुढे भाच्याचा फोन वाजला. लगेच सूनबाईचा वाजला. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा वाजला, आणि मग रस्त्यापलीकडे कुठेतरी आणखी एक. चार घरांत एकदम फोन वाजला की माणूस आधी घाबरतो. मी उठून बसलो. भाच्याने स्पीकर लावला. बाईचा आवाज. दम लागलेला. तिने नाव सांगितले, वस्तीचे नाव सांगितले, गोठ्यापाशी बिबट्या आहे, कुणी पोरे बाहेर काढू नका. मागे कुत्रे भुंकत होते आणि कुणीतरी पत्रा वाजवत होते, तेही ऐकू आले. सूनबाई म्हणाली, 'ताईंचाच आवाज आहे, मागच्या गल्लीतल्या.' तोवर बाहेर दिवे लागले होते, दोन मोटारसायकली निघाल्या होत्या आणि कुणीतरी फटाका लावला. वीस मिनिटांत सगळे परत. बिबट्या उसात गेला होता. शेळी वाचली की नाही ते मला सकाळी कळले नाही, विचारायला विसरलो.

मी विसरलो नाही ते सूनबाईचे वाक्य. तिने संदेश ऐकला, पण विश्वास आवाजावर ठेवला. हीच घटना गटावर लिहून आली असती तर पहिली दहा मिनिटे 'कुठे?', 'खरे का?', 'हा तर गेल्या वर्षीचा व्हिडिओ' यांत गेली असती. यंत्र बनवणाऱ्याने गावाला नवे काही शिकवले नाही. डोंडीत काय असते ते त्याने नीट पाहिले आणि तेवढेच तारेतून पाठवले : नाव, गाव, आवाज. मला तर ती सगळी रचना 'कोन व्हय गा?' या प्रश्नाभोवती बांधल्यासारखी वाटते. आधी तू कोण ते सांग, मग काय झाले ते.

माझी एक शंका मात्र आहे आणि ती मी तिथल्या पोलीस पाटलांनाही बोलून दाखवली. पूर्वी गावात कोण कुठे राहतो, कुणाचा मुलगा मुंबईला आहे, कुणाच्या घरी म्हातारी एकटीच आहे, हे पोलीस पाटलाच्या डोक्यात असे. आता गावाची यादी यंत्रात असते, आणि यंत्र गावाच्या बाहेर. ही यादी कुणाच्या ताब्यात आहे, आणखी कुणाला दिली जाणार नाही ना, गाव योजनेतून बाहेर पडले तर तिचे काय होईल, हे ग्रामसभेने ठराव करताना विचारून घ्यावे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. विचारायला आता आधार आहे. ही शंका एका कंपनीपुरती नाही. जो कुणी गावाच्या रक्षणासाठी गावाचे क्रमांक मागायला येईल त्याला हाच प्रश्न.

शहरांची वाट वेगळी. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर कॅमेऱ्यांचे जाळे विणायचे ठरले आणि २०१६ मध्ये लार्सन अँड टुब्रोने ते उभे केले. पुण्याला जर्मन बेकरीचा स्फोट आणि जंगली महाराज रस्त्यावरचे स्फोट पाहावे लागले, मग कॅमेरे आले. कॅमेरा हा परका पहारेकरी आहे. तो झोपत नाही हे चांगले, पण तो कुणाला ओळखतही नाही. अमेरिकेत १९७२ पासून आणि इंग्लंडात १९८२ पासून शेजाऱ्यांच्या पहाऱ्याच्या चळवळी चालल्या, त्यांच्या पाट्या खांबाखांबावर दिसतात असे तिकडे राहणारी आपली पोरे सांगतात. त्यांनाही शेवटी शेजारी ओळखणे हेच हत्यार सापडले.

आमच्या राज्यात २०२१ पासून ११२ क्रमांक आला. मुख्य केंद्र नवी मुंबईत महापे येथे, दुसरे नागपुरात. बिरसीतून फोन केला की आधी दूरचा माणूस बोलतो, मग गाडी जवळच्या ठाण्याची येते. त्याला गावाचे नाव, फाटा, देऊळ नीट सांगता यावे म्हणून आम्ही शाळेतल्या पोरांकडून पत्ता सांगायची तालीम करून घेतली. 'विमानतळाजवळ' एवढे म्हणून चालत नाही. विमानतळाला चहूबाजूंनी गावे आहेत.

नागपुरात २२ मार्च २०२४ ला राज्य शासनाने 'मार्व्हल' ही स्वतःची कंपनीच काढली, पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने बनवायला. शासन, नागपूरची भारतीय व्यवस्थापन संस्था आणि पिनाका टेक्नॉलॉजीज ही खासगी कंपनी असा तिहेरी करार. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर ग्रामीण हद्दीत एका बाईला धडक देऊन पळालेला ट्रक कॅमेऱ्यांतल्या चित्रणावरून या साधनांनी छत्तीस तासांत शोधला. नवऱ्याला ट्रकवरच्या लाल खुणांपलीकडे काही आठवत नव्हते. आधी मदत मिळाली नाही म्हणून त्याने बायकोचे प्रेत मोटारसायकलला बांधून नेले, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिले. यंत्राने ट्रक शोधला याचे कौतुक मलाही आहे. पण त्या रस्त्याने जे गेले आणि थांबले नाहीत त्यांचा शोध कोणते यंत्र घेणार, हे कुणी विचारले नाही.

नवा चोर तर बांधावरून येतच नाही. तो फोनमधून येतो, बँकेचा साहेब होऊन, पोलिसाचा गणवेश घालून. बिरसीच्या किती म्हाताऱ्यांचे किती गेले याची यादी इथे देणार नाही; ज्यांचे गेले त्यांना लाज वाटते आणि ती वाटू नये. १९३० हा क्रमांक लक्षात ठेवा, पैसे गेले असे कळले त्याच तासात फोन करा. आणि फोनवर अनोळखी साहेब धमकावू लागला तर आपला जुना प्रश्न त्यालाही विचारा. बापाचे नाव, टोली विचारा. तो फोन ठेवतो, हा माझा दोनदा घेतलेला अनुभव आहे.

यंदाच्या कापणीत मी पुन्हा पुंजण्यावर गेलो. आता आगटीपेक्षा मोबाइलचा उजेड जास्त. वरून हैदराबादचे विमान गेले, लाल दिवा लुकलुकत. थोड्या वेळाने बांधावरून कुणीतरी येताना दिसले. मी हाक दिली, 'कोन व्हय गा?' उत्तर नाही. पुन्हा दिली, मोठ्याने. तरी नाही. काठी हातात घेऊन उभा राहिलो, छाती धडधडू लागली. आमचे कुत्रे उठले, चार पावले पुढे गेले आणि शेपटी हलवू लागले. जवळ आल्यावर दिसले, पुतण्या. दोन्ही कानांत बोंडके, गाणी ऐकत येत होता.